पस्तिशीपुढचे पिचर भंगारात काढणाऱ्यांनो, जरा इकडे या

उपाशी_मेट्सवाला:
आपल्या बेसबॉल टीमच्या, न्यू यॉर्क मेट्सच्या जुन्या धाग्यावर प्रॉस्पेक्टप्रेमी परवा एक पिंक टाकून निघून गेले. "पस्तिशी ओलांडलेल्या पिचरवर (बॉल टाकणाऱ्यावर) एक डॉलर घालवू नये, सरळ भंगारात काढावं, रोटेशनच्या (आळीपाळीने मॅच सुरू करणाऱ्या पिचरांच्या) पाचही जागा पोरांना द्याव्यात, हरले तर शिकतील." आणि त्यावर ढीगभर लाइक्स. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते एवढं वाढलं की म्हटलं वेगळाच धागा काढू, होऊन जाऊ दे एकदा.

हरले तर शिकतील म्हणे. २०२५ ला किती शिकलो ते बघा. १२ जूनला अख्ख्या लीगमध्ये आपला रेकॉर्ड सगळ्यात भारी होता. त्याच दिवशी आपला पिचर सेंगा फर्स्ट बेस कव्हर करायला धावला आणि मांडी धरून बसला, आणि तिथून जी घसरगुंडी लागली ती थेट ८३-७९ (८३ विजय, ७९ पराभव) वर थांबली. सिनसिनाटीचेही ८३-७९, पण टायब्रेकर त्यांच्याकडे, म्हणून ते प्लेऑफला आणि आपण घरी. तेही ३० कोटी डॉलरच्या वर पगार वाटून! आणि या सगळ्या पडझडीत ऑगस्ट-सप्टेंबरला आपल्या हातात कोण, तर मॅक्लीन, टाँग आणि स्प्रोट ही नवी पिचर पोरं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिघांच्या नावावर मिळून मेजर लीगची एक मॅच नव्हती.

मॅक्लीन भारी निघाला, ८ स्टार्ट (पहिल्या बॉलपासून टाकलेल्या मॅचेस), २.०६ इआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तितके भारी), त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण १२ सप्टेंबरचा शुक्रवार आठवा. मी सिटी फील्डला, आपल्या मैदानावर होतो, मॅनहॅटनच्या ऑफिसातून सात नंबरच्या ट्रेनला लटकत गेलो होतो. एकीकडे २२ वर्षांचा टाँग, दुसरीकडे टेक्ससच्या जर्सीत ३७ वर्षांचा आपलाच जुना पिचर डीग्रॉम. टाँगने दोन आउट काढले आणि सहा रन दिले, पहिली इनिंग पण संपवता आली नाही बिचाऱ्याला. डीग्रॉमनेही तीन रन दिलेच की, पण सात इनिंग टाकून गेला. फरक हा आहे. वाईट दिवस दोघांनाही येतो, म्हाताऱ्याला वाईट दिवशी काय करायचं ते माहीत असतं, फास्टबॉल चालत नसेल तर स्लायडरवर (वळणाऱ्या बॉलवर) दिवस काढतो, बुलपेन (मागाहून येणारे राखीव पिचर) वाचवतो. पोरगं आणखी जोरात फेकायला जातं आणि आणखी मार खातं. मग पहिल्या इनिंगपासून बुलपेन कामाला लागतं आणि शनिवार-रविवारच्या मॅचेसना कोणाच्या हातात जीव राहत नाही.

तेव्हा भंगार वगैरे शब्द जपून वापरा. बोला आता.

प्रॉस्पेक्टप्रेमी:
बोलतो की. डीग्रॉमचं उदाहरण तुम्ही स्वतःहून दिलंत याबद्दल आधी आभार.

डीग्रॉमला टेक्ससने १८ कोटी ५० लाख दिले, पाच वर्षांसाठी, तेव्हा तो ३४ चा होता. २०२३ ला किती मॅचेस टाकल्या? सहा. मग टॉमी जॉन, म्हणजे कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन. २०२४ ला तीन. म्हणजे दोन सीझनमध्ये नऊ स्टार्ट. तुम्ही तिसऱ्या वर्षातल्या एका शुक्रवारी सात नंबरच्या ट्रेनने गेलात आणि निष्कर्ष काढलात. वा.

आता आपल्या घरातलं बघू, मेट्सनेच घेतलेले दोन म्हातारे पिचर. शर्झर, तीन वर्षं १३ कोटी. व्हर्लँडर, दोन वर्षं ८ कोटी ६७ लाख. दोघांना वर्षाला प्रत्येकी ४ कोटी ३३ लाख, तेव्हा बेसबॉलमध्ये एवढा पगार कोणालाच नव्हता. काय मिळालं? शर्झरने २०२२ च्या वाइल्ड कार्डच्या (प्लेऑफच्या पहिल्या फेरीच्या) पहिल्याच मॅचला सॅन डिएगोकडून चार होमरन खाल्ले. १ ऑगस्ट २०२३ पर्यंत दोघेही दुसऱ्या टीमकडे गेले, आणि जाताना त्यांच्या पगाराचा मोठा वाटा आपणच भरला. म्हाताऱ्याला दुसऱ्याच्या घरी पाठवायला आपणच पैसे मोजायचे. त्याच वेळी मॅक्लीनला काय द्यावं लागलं, लीगचा किमान पगार, २०२५ ला ७ लाख ६० हजार. एका शर्झरच्या पैशात पन्नासच्या वर मॅक्लीन येतात हो.

आणि टाँगचा एक दिवस वाईट गेला म्हणून त्याला बाद ठरवता? शर्झरचे असे दिवस मोजू का?

टोरांटो_तात्या:
मोजा मोजा. सगळे मोजून झाले की आमच्या टोरांटोकडून खेळताना त्याची १६ ऑक्टोबरची सिएटलविरुद्धची प्लेऑफ मॅच पण मोजा. मॅनेजर श्नायडर माउंडवर आला बदलायला, मॅक्स शर्झर त्याच्या अंगावर ओरडला, बिचारा मॅनेजर आल्या पावली परत गेला. ४१ वर्षांचा माणूस. साडेपाच इनिंगच्या वर टाकल्या, दोन रन, आम्ही ८-२ जिंकलो. आमच्या घरात सून, नातू, सगळे उभे राहून ओरडत होते, शेजारचा दार वाजवायला आला.

आणि वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच कोणाकडे दिली? त्याच्याकडेच. गेला तेव्हा ३-१ ने आम्ही पुढे होतो. पुढे काय झालं ते नका विचारू, अजून झोप नीट लागत नाही.

आकडेशास्त्री:
तात्या, शर्झरचा २०२५ च्या रेग्युलर सीझनचा इआरए ५.१९ होता. यँकीजविरुद्धच्या सिरीजसाठी तुमच्याच टीमने त्याला यादीत घेतलं नव्हतं. हे सोयीस्करपणे गाळलंत.

टोरांटो_तात्या:
गाळलं नाही, विसरलो. वय झालं :)

पट्टेवाला:
सगळ्यांना एकच नाव सांगतो आणि जातो. आमच्या यँकीजचा कॅम श्लिटलर. २४ वर्षं. जुलैत आलेला पोरगा. २ ऑक्टोबर, बॉस्टनविरुद्ध वाइल्ड कार्डची तिसरी मॅच, हरलो तर सीझन खलास. ८ इनिंग, शून्य रन, १२ स्ट्राइकआउट (बॅटर जागच्या जागी आउट), एकही वॉक (फुकटचा बेस) नाही. ४-० ने जिंकलो. मुद्दा संपला.

बॉस्टनकर:
आलात का. आमच्याच मॅसॅच्युसेट्सच्या वॉलपोलचं पोरगं, आमच्याच नॉर्थईस्टर्नला शिकलेलं, ते घेऊन आमच्यावरच फुशारकी. आणि समोर कोण होता ते पण सांगा ना, की तिथे यँकीजच्या जर्सीचे पट्टे आडवे आले? आमचा अर्ली. तोही पोरगाच, सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा मेजर लीगला आला होता. आमच्या जिओलिटोचं कोपर गेलं म्हणून अर्लीला उतरवावं लागलं. चौथ्या इनिंगला चार रन. म्हणजे त्या मॅचमध्ये दोन्हीकडे पोरं होती, एक उजळला, एक करपला. यातून पोरं चांगली हे सिद्ध कसं होतं? नाणं उडवल्यासारखं आहे.

पट्टेवाला:
नाणं आमच्या बाजूने पडलं एवढं खरं. २१ मिलियन देऊन ब्यूलर आणला होता ना तुम्ही? मॅचच्या दिवशी कुठे होता तो?

बॉस्टनकर:
ऑगस्टमध्येच सोडला त्याला. ५.४५ इआरए. त्याच्याबद्दल बोलू नका, आधीच बीपीची गोळी घेतोय. पण तो तेव्हा ३१ चा होता, म्हातारा नव्हे, तेव्हा तो ना तुमच्या बाजूला ना माझ्या.

प्रॉस्पेक्टप्रेमी:
म्हातारे हवेत? बॉल्टिमोर घ्या. पिचर बर्न्सला जाऊ दिलं आणि त्या जागी ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन घेतला, दीड कोटी डॉलर देऊन. त्यावर ३७ वर्षांचा गिब्सन. मॉर्टन सुरुवातीच्या सगळ्या मॅचेस हरत सुटला, गिब्सनला चार मॅचेसमध्ये घरी पाठवला. प्लेऑफची टीम होती हो ती, थेट शेवटच्या नंबरवर गेली.

उपाशी_मेट्सवाला:
आणि जाऊ दिलेला तिशीतला बर्न्स? ॲरिझोनाने २१ कोटी दिले, जूनमध्ये टॉमी जॉन. हे पण सांगा.

आकडेशास्त्री:
दोन्ही पार्ट्या एकच चूक करताय म्हणून जरा लांबण लावतो.

मेट्सवाले, व्हर्लँडर ३९ व्या वर्षी टॉमी जॉनमधून परत येऊन १८-४, १.७५ इआरए आणि साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) घेऊन गेला, रायनने ४४ व्या वर्षी सातवा नो-हिटर (एकही हिट न देता अख्खी मॅच) टाकला, मोयरने ४९ व्या वर्षी मॅच जिंकली, ही नावं आपल्याला पाठ आहेत कारण हेच उरले. यांच्याबरोबर सुरुवात केलेले शेकडो पिचर बत्तिसाव्या-तेहतिसाव्या वर्षी खांदा धरून घरी गेले, त्यांची नावं कोणी घेत नाही. उरलेल्यांकडे बघून "वय काही नसतं" म्हणायचं म्हणजे लॉटरी लागलेल्याला विचारून तिकीट घ्यायचं. व्हर्लँडर स्वतःच बघा, त्या १.७५ नंतर दोनच वर्षांनी ५.४८.

आणि प्रॉस्पेक्टप्रेमी, तुमचीही तीच गत. स्कीन्सचं नाव घ्याल, पदार्पणाच्या वर्षी १.९६ इआरए, दुसऱ्या वर्षी १.९७ आणि साय यंग. टोरांटोचा येसावेज घ्याल. पण पेंटर? १९ व्या वर्षी फिलीजच्या रोटेशनमध्ये येणार म्हणून गाजावाजा झाला, २०२३ ला टॉमी जॉन. यूरी पेरेझ, विसाव्या वर्षी आला, पुढच्या वर्षी टॉमी जॉन. स्ट्रायडर, २०२३ ला २८१ स्ट्राइकआउट, २०२४ च्या एप्रिलमध्ये कोपर. शिकागोवाल्यांना प्रायरचं नाव काढून बघा, २००३ ला १८-६, वय २२, पुढे तीन-चार वर्षांत खेळ संपला. मेट्सनेच नव्वदीत तीन पोरांवर सगळा डाव लावला होता, इझ्रिंगहाउझन, पल्सिफर, विल्सन, तिघांचेही हात गेले, त्यातला एकटा इझ्रिंगहाउझन पुढे क्लोझर (शेवटची इनिंग टाकणारा) म्हणून टिकला.

म्हातारा पिचर कधीतरी कोसळणार हे माहीत असतं. पोराचं काहीच माहीत नसतं. माहीत असलेल्या जोखमीला किंमत लावता येते. म्हणून म्हाताऱ्याला एकाच वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट.

टोरांटो_तात्या:
रायनचा तो सातवा नो-हिटर आमच्याविरुद्धच होता. १ मे १९९१. शेवटचा आउट अलोमार. मी नवाच कॅनडात आलो होतो, बेसबॉल काय ते कळत नव्हतं, रूममेट रडत होता, मी विचारलं कोण गेलं.

कोपरावैद्य:
मी फिजिओ आहे, न्यू जर्सीत, वर्षातले निम्मे पेशंट कोपर आणि खांदा. वय वय काय लावलंय सगळ्यांनी? लिगामेंटला जन्मतारीख कळत नाही. कोपराच्या आतल्या बाजूचा तो एवढासा पट्टा, ९५ मैलांनी बॉल फेकताना त्याच्यावर जवळपास त्याला झेपेल तेवढाच ताण येतो, बाकीचा आजूबाजूचे स्नायू उचलतात म्हणून तो टिकतो. स्नायू थकले की सगळं त्याच्यावर. १९७४ ला डॉ. जोब यांनी टॉमी जॉनचं पहिलं ऑपरेशन केलं तेव्हा तो ३१ वर्षांचा, लीगमध्ये दहा-अकरा वर्षं घासलेला पिचर होता. आज माझ्याकडे त्याच ऑपरेशननंतर येणारी बरीच पोरं हायस्कूलमधली आहेत. सोळा-सतरा वर्षांची. दाढी फुटलेली नाही.

तुम्ही ज्याला "कोवळा, ताजा हात" म्हणता ना, तो आठव्या वर्षापासून बाराही महिने फेकत आलेला असतो. २२ वर्षांच्या प्रॉस्पेक्टचं कोपर आधीच बरंच वापरलेलं असतं. लीगने स्वतः डिसेंबर २०२४ मध्ये मोठा रिपोर्ट काढला, त्यात हेच, वेग वाढवायचा, प्रत्येक बॉल जीव तोडून टाकायचा, आणि हे लहानपणापासून चालू.

लेकाची_आई:
ताई तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. आम्ही डॅलसजवळ. मुलगा १२ वर्षांचा, ट्रॅव्हल बॉल (खासगी टीमकडून ठिकठिकाणच्या टूर्नामेंट) खेळतो, पिचर आहे. शाळेच्या बाजूची लीग वेगळी आणि ट्रॅव्हल टीम वेगळी. लीगमध्ये टाकलेले बॉल मोजतात, ८५ च्या पुढे टाकू देत नाहीत. पण शनिवारी तिथे टाकतो आणि रविवारी ट्रॅव्हल टीमच्या टूर्नामेंटला जातो, तिथले कोच म्हणतात आमचं आम्ही मोजतो. गेल्या महिन्यात रात्री झोपेत कोपर दाबत होता. विचारलं तर म्हणाला काही नाही. वडील म्हणतात एवढं होतंच.

कोपरावैद्य:
होत नाही!!! बारा वर्षांच्या मुलाचं कोपर रात्री दुखणं हे "एवढं होतंच" मध्ये येत नाही. दिवसाला ८५ ही वरची मर्यादा आहे, रोजचा कोटा नाही. ६६ च्या वर टाकले की चार दिवस पिचिंग नाही. शनिवारी ८० आणि रविवारी दुसऱ्या टीमकडून पुन्हा, हे दोन्ही कागदांवर नियमात बसतं आणि पोराच्या हातावर नाही. बर्मिंगहॅम, अलाबामाच्या संशोधकांनी ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या पोरांची तुलना केली होती. वर्षातले आठ महिन्यांच्या वर पिचिंग करणारी पोरं ऑपरेशन टेबलवर जायची शक्यता पाचपट. आणि हात दमलेला असताना नेहमी टाकणारी? छत्तीसपट. पाच नाही, छत्तीस.

रविवारचा_कोच:
हे असं घाबरवून सोडायचं. मी स्वतः कोचिंग करतो, फुकट, रविवार घालवून. आईबाप आम्हाला येऊन काय विचारतात माहितीये? "याचा स्पीड किती झाला?" दुसरा प्रश्न नाही. कंट्रोल विचारत नाहीत, चेंजअप (फसवा हळू बॉल) शिकवला का विचारत नाहीत. रडार गन स्वतःच्या खिशातली घेऊन येतात! मी एका मुलाला दोन आठवडे बसवला तर वडिलांनी टीम बदलली. मग कोच वाईट.

लेकाची_आई:
आम्ही रडार गन नाही आणत. सगळे पालक तसले नसतात.

रविवारचा_कोच:
मी तुम्हाला म्हटलं का? पण दोन-दोन टीममध्ये नाव कोणी घातलं? कोचने?

लेकाची_आई:
तुमचा सूर बघा आधी. मुलगा सोडायला तयार नाही, मित्र सगळे ट्रॅव्हल टीममध्ये, फी भरून झालीये, आणि इथे हायस्कूलच्या टीममध्ये शिरायचं तर आत्तापासून दिसायला लागतं. तुम्हाला घरात पोरगं आहे का?

रविवारचा_कोच:
आहे. सॉकर खेळतो. उगाच नाही.

कोपरावैद्य:
हाहाहा. ही आतल्या गोटातली बातमी.

उपाशी_मेट्सवाला:
मंडळी, धागा मेजर लीगच्या पिचरांचा आहे. पोरांच्या कोपरासाठी वेगळा धागा काढा ना.

कोपरावैद्य:
तुमचा टाँग आणि स्प्रोट आकाशातून पडले का? ही तीच पोरं आहेत, दहा वर्षांनी मोठी झालेली.

कांगा_लीगी:
दादरहून नमस्कार. वर्ल्ड सिरीज पहाटे साडेपाचला लावतो, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो. क्रिकेटमध्ये हा वाद कधीच संपलाय. ॲंडरसन. ४१ व्या वर्षापर्यंत १८८ टेस्ट, ७०४ विकेट. म्हातारा बोलर डोक्याने खेळतो. मी कांगा लीगमध्ये मिडियम पेस टाकायचो, बावीस वर्षांचा होतो, अंगात रग. पावसाने ओली विकेट, आणि कॅप्टन दर वेळी बॉल द्यायचा पंचेचाळिशीतल्या एका काकांना, पोट सुटलेलं, रनअप तीन पावलं. मी चिडायचो. काका यायचे, एकाच जागी बॉल टाकत बसायचे, पाच विकेट घेऊन चहाला. मी मैदानभर धावून शून्य. तेव्हापासून अनुभवापुढे मी वाद घालत नाही.

प्रॉस्पेक्टप्रेमी:
ॲंडरसनची शेवटची टेस्ट आठवते का? लॉर्ड्स, जुलै २०२४. इंग्लंडने त्याला सांगून निवृत्त केलं, पुढची फळी बघायची म्हणून. त्याच मॅचमध्ये ॲटकिन्सन नावाच्या पोराने पदार्पण केलं. किती विकेट घेतल्या? १२. उदाहरण माझ्या पारड्यात टाकल्याबद्दल धन्यवाद, दादर.

कांगा_लीगी:
समोर वेस्ट इंडीज होती. माझ्या काकांनी पण घेतल्या असत्या.

पट्टेवाला:
आणि कोपर न वाकवता टाकायचं असतं तुमच्यात. कोपराच्या चर्चेत क्रिकेट कुठून आलं?

कांगा_लीगी:
कोपर वाचतं, पाठ जाते. बुमराहच्या पाठीचं ऑपरेशन २०२३ ला झालं, २०२५ ला इंग्लंडला पाचपैकी तीनच टेस्ट खेळवला. तिकडे सिराज पाचही खेळला, १८५ ओव्हर टाकल्या आणि ओव्हलला सहा रननी मॅच काढून दिली. तुमचे पिचर सहा दिवसांत एकदा येऊन ९० बॉल टाकतात आणि दमतात. त्याचं काय ते बोला.

आकडेशास्त्री:
डॉजर्सच्या यामामोटोने टोरांटोविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचला ९६ टाकले आणि दुसऱ्या दिवशी सातवीत येऊन आणखी ३४. त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि हो, डॉजर्सनी त्याला ३२ कोटी ५० लाख देऊन सही केली तेव्हा मेजर लीगमध्ये एक बॉल टाकला नव्हता त्याने. तो कोणत्या खात्यात मांडायचा? २५ वर्षांचा, जपानमध्ये सगळं जिंकलेला, इथे शून्य.

बॉस्टनकर:
डॉजर्सच्या खात्यात. तिथे सगळंच मावतं.

टोरांटो_तात्या:
यामामोटोचं नाव काढू नका रे बाळांनो.

रविवारचा_कोच:
मूळ रोग पिच क्लॉक आहे, हे कोणी बोलत नाही. पंधरा सेकंदांत पुढचा बॉल, हात सैल करायला वेळच नाही. खेळाडूंच्या युनियनने उघड सांगितलं होतं २०२४ ला.

कोपरावैद्य:
क्लॉक २०२३ ला आलं. शाळकरी पोरं त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या टेबलावर आहेत. तुमच्या रविवारच्या टूर्नामेंटला क्लॉक असतं का?

रविवारचा_कोच:
नसतं. बरं. पण मेजर लीगबद्दल मी म्हणतो ते चूक आहे हे त्याने सिद्ध होत नाही.

प्रॉस्पेक्टप्रेमी:
मूळ मुद्द्यावर येतो, कारण मेट्सवाले गप्प झालेत. कोपरावैद्य ताईंचं बरोबर धरलं, पोराचं कोपर आधीच झिजलेलं, तर उलट लवकर खेळवा ना! मायनर लीगमध्ये (खालच्या पायऱ्यांच्या लीगमध्ये) बसवून ते बॉल वाया कशाला घालवायचे? येसावेज २०२५ च्या एप्रिलमध्ये खालच्या पायरीवर होता, सप्टेंबरमध्ये टोरांटोत, वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या मॅचला सात इनिंग, १२ स्ट्राइकआउट, एक वॉक नाही. असा हात म्हाताऱ्यांच्या मागे रांगेत उभा करायचा?

उपाशी_मेट्सवाला:
गप्प नाही, मुलीचं गॅदरिंग होतं. येसावेज सातव्या मॅचला रिलीफमध्ये (मधूनच दुसऱ्या पिचरच्या जागी) आला तेव्हा आठव्या इनिंगला डॉजर्सच्या मन्सीने होमरन मारला तो कोणाला मारला?

टोरांटो_तात्या:
अहो सांगितलं ना नका काढू.

उपाशी_मेट्सवाला:
सॉरी तात्या. पण तुमचीच टीम माझा मुद्दा आहे. शर्झर ४१ चा आणि येसावेज २२ चा, दोघेही एकाच रोटेशनमध्ये, म्हणून सातव्या मॅचपर्यंत गेलात. पाचही पोरं ठेवली असती तर ऑगस्टमध्येच सगळ्यांचा इनिंगचा कोटा संपला असता, कारण पोरांना वर्षाला एवढ्याच इनिंग टाकायच्या असं बंधन असतं, २०१२ ला वॉशिंग्टनने स्ट्रासबर्गला त्यासाठीच सप्टेंबरमध्ये घरी बसवला आणि प्लेऑफ हरले. मग उरलेल्या इनिंग कोण टाकणार, तुम्ही?

प्रॉस्पेक्टप्रेमी:
स्ट्रासबर्ग काढलाच आहे तर पुढचं पण सांगा. त्याच स्ट्रासबर्गने २०१९ ला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली, मग ३१ व्या वर्षी त्याला २४ कोटी ५० लाख दिले, त्यानंतर आठ मॅचेस टाकल्या आणि निवृत्त. सिद्ध झालेला, अनुभवी, सगळं. आठ.

आकडेशास्त्री:
आणि मालकांना पोरं का आवडतात हे कोणीच बोललं नाही. सहा वर्षं खेळाडू टीमच्या ताब्यात, पहिली तीन जवळपास किमान पगारावर. "आम्ही तरुणांवर विश्वास टाकतो" असं जेव्हा एखादा मालक म्हणतो तेव्हा त्याला विश्वास नको असतो, स्वस्त इनिंग हव्या असतात. आणि कोपर गेलं की दुसरं पोर. प्रॉस्पेक्टप्रेमी, तुमचा पन्नास मॅक्लीनचा हिशोब नेमका मालकाचा हिशोब आहे, एवढंच लक्षात आणून देतो.

प्रॉस्पेक्टप्रेमी:
म्हणजे आता मी भांडवलदार. छान.
ठीक आहे, वाक्य बदलतो, खुश व्हा: पस्तिशीपुढच्या पिचरला एकापेक्षा जास्त वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देणारा जनरल मॅनेजर भंगारात काढावा. पिचर ठेवा.

उपाशी_मेट्सवाला:
चालेल. मग व्हर्लँडर घ्यायचा का एका वर्षासाठी? २०२५ च्या सीझनअखेर ४२ चा, २६६ विजय, ३०० करायचेत म्हणत होता. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ४-११ दिसतं पण २९ स्टार्ट आणि ३.८५ इआरए. आपल्याकडे २९ स्टार्ट एका तरी माणसाने दिले असते तर सिनसिनाटीने आपल्याला काय केलं असतं.

आकडेशास्त्री:
पीटरसनने ३० दिले.

उपाशी_मेट्सवाला:
आणि शेवटच्या दोन महिन्यांत त्यातल्या किती आपण डोळे उघडे ठेवून बघू शकलो ते पण मोजा.

प्रॉस्पेक्टप्रेमी:
व्हर्लँडर घ्या. सहाव्या जागेवर. टाँगचं सामान उचलायला.

लेकाची_आई:
सॉरी, तुमचं चालू द्या. कोपरावैद्य ताई, कोचला आत्ता मेसेज केला की या वीकेंडला पिचिंग नको. त्यांचं उत्तर आलंय, "नो प्रॉब्लेम, मग कॅचर म्हणून पाठवा". हे चालेल ना?

कोपरावैद्य:
नाही! कॅचर प्रत्येक बॉल परत फेकतो, वर सेकंड बेसवर जीव खाऊन थ्रो. लिटल लीगमध्येच नियम आहे, ४१ बॉल टाकलेल्या पिचरला त्या दिवशी कॅचर म्हणून उभं करायचं नाही. खेळायचंच असेल तर फर्स्ट बेस, आणि तेही डॉक्टरने कोपर बघितल्यावर. सोमवारची अपॉइंटमेंट घ्या, एक्स-रे दोन्ही कोपरांचा काढायला सांगा, दुखऱ्याची तुलना चांगल्याशी करता येते. या वीकेंडला घरी.

रविवारचा_कोच:
या एका बाबतीत ताई बरोबर आहेत. दोन्ही कोपरांचा सांगा.